कुंकू लावलेली फ्लॉपी

“ही फ्लॉपी आतून लाल कशी काय?” पंकजने विचारलं.

पुण्याहून तो श्रीरामपूरच्या दूध संघात कॉम्प्युटरवर विंडोज बसवायला आला होता. चार फ्लॉप्या सुरळीत गेल्या, पाचवीला मशीन घरघरून थांबलं.

संघाची बिलं कॉम्प्युटरवर काढणाऱ्या यशोधराने शिपाई सहादेवमामांकडे पाहिलं.

“दसऱ्याची पूजा केली की,” मामा म्हणाले. “खोक्यातली एक काढून पाटावर मांडली. पत्रा सारून आत कुंकवाचं बोट टेकवलं. देवाला काय वरवर लावत्यात व्हय?”

दसऱ्याला यशोधरा पांढरी साडी नेसून विहारात होती. इथं असती तर मामांचा हात धरला असता.

तिची मुलगी निकिता शाळेसाठी नगरला सावेडीत, आत्याकडे. हल्ली बोलता बोलता आत्यालाच ‘आई’ म्हणायची आणि जीभ चावायची. नगरला बदलीचा अर्ज दिला की मॅनेजर उत्तमराव हसायचे. “बाई, त्या काळ्या पडद्याशी तुमच्याशिवाय बोलणार कोण? विंडोज येऊ द्या, मग कुणीही चालवील. जा खुशाल.” म्हणून आज तिने खुर्चीवरची उशीसुद्धा पिशवीत भरून ठेवली होती.

“मधेच अडकलंय,” पंकज म्हणाला. “जुनं मोडलं, नवीन अर्धंच बसलं. दुसरी फ्लॉपी यायला पंधरा दिवस.”

“अन् उद्याची दुधाची बिलं?” उत्तमराव तिच्याकडे वळले. “बाई, जुनं परत नाही का व्हायचं?”

जुनं परत बसवायच्या फ्लॉप्या तिच्या ड्रॉवरमध्ये, डब्याच्या फडक्याखाली होत्या. तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. ‘नाही’ म्हटलं की झालं. पंधरा दिवस खोळंबा, मग सावेडी.

दारात पुणतांब्याच्या कडूबाई रिकामी किटली घेऊन उभ्या होत्या. “ताई, बिल उद्या मिळंल ना? लेक दिवाळीला यायची हाय.”

यशोधराने ड्रॉवर ओढला.

संध्याकाळी काळ्या पडद्यावर ती ओळखीची पांढरी रेघ लुकलुकायला लागली.

“चालतंय की,” उत्तमराव खूश झाले. “मग कशाला हवंय ते नवीन?”

पंकजने फ्लॉप्या खोक्यात भरल्या. सहादेवमामा घुटमळले. “ताई, माझ्यामुळं झालं व्हय?”

“पूजा मनापासून केलीत, मामा. आता चहाही तसाच आणा.”

ते गेल्यावर तिने पिशवीतली उशी काढली, झटकली आणि खुर्चीच्या जुन्या खळग्यात नीट बसवली.