वासुदेवरावांचं गॅरेज

“काकाजी, गॅरेज तं बांधलं तुमी, पण गाडी कुठी आहे?”

रेणूने विचारून टाकलं. हे तोंडावर विचारायची तिची छाती होणार नाही, अशी तिच्या मैत्रिणीने, डिंपलने, पैज लावली होती. मोहाडीजवळच्या त्या गावात हा प्रश्न सगळ्यांच्याच पोटात होता. तो ओठावर आणला अकरावीतल्या या पोरीने, तेही हातात ब्रश धरून.

वासुदेवराव रागावले नाहीत. गाडी मंगेशची, म्हणाले. पोरगा पुण्यात कंपनीत. मागच्या दिवाळीला आला नाही. त्याआधी आला तेव्हा गाडी उन्हात तापते म्हणून कुरकुरत होता. म्हणून त्यांनी गुरांचा जुना कोठा पाडून तिथे गॅरेज उभं केलं.

“यंदा येते तो. फरशी अशी चमकवा, का टायर ठेवाले त्याले लाज वाटली पायजे.”

चमकवायचं काम रेणूच्या बापाचं, जागेश्वरचं. सुट्ट्या होत्या म्हणून रेणू मदतीला. काँक्रीट मशीनने घासून झालं, धूळ उचलली, भेगा बुजवल्या. प्लास्टिकचा तुकडा कडेने चिकटवून रात्रभर तसाच ठेवला. सकाळी त्याखाली दव धरलं नव्हतं, म्हणजे खालून ओल नाही. मग सीलर, तो वाळल्यावर करड्या रंगाचं कोटिंग. शेवटचा हात रेणूने एकटीने मारला, मागे मागे सरकत पार दारापर्यंत. कुठे रेघ नाही, फुगा नाही. तिने लगेच डिंपलला फोटो पाठवले. मंगेशदादा इंजिनिअर माणूस, तो ही फरशी बघेल तेव्हा आपण तिथे असायचंच, हेही तिने ठरवून टाकलं.

जागेश्वरने दाराला दोरी बांधली. आठवडाभर कुणी पाय ठेवायचा नाही. वरून वाळलं दिसलं तरी आत कच्चंच असतं.

दिवाळीच्या पाडव्याला दुपारी आभाळ भरून आलं. वासुदेवराव बाहेर गेले होते. अंगणात मळलेलं धान पसरलेलं. त्यांच्या बायकोने, मंदाबाईंनी, दोरी सोडली आणि टोपल्यांनी सगळं धान गॅरेजात नेऊन ओतलं.

दुसऱ्या दिवशी बापलेक पोहोचले, तेव्हा वासुदेवराव दाराशी उकिडवे बसून नखाने दाणे उकरत होते. पाकात तीळ रुतावेत तसं धान कोटिंगमध्ये रुतलं होतं. मधूनमधून मंदाबाईंच्या पावलांचे ठसे. मंगेश येईल तर काय म्हणेल, एवढंच ते पुटपुटत होते. धान पोत्यात भरा, मग परत घासून देतो, असं जागेश्वरने सांगितलं.

रेणू तणतणत स्वयंपाकघरात गेली.

“काकू, दोरी दिसली नाही काय तुमाले?”

“दिसली ना वं.” मंदाबाई चहा गाळत होत्या. “बाहेर धान भिजून राहिलं असतं अन् आत रिकामी फरशी. काय करतो मंग?”

“अन् मंगेशदादाची गाडी?”

मंदाबाईंनी दाराकडे पाहिलं. “नाही येत गाडी. नोकरी गेली त्याची उन्हाळ्यात, गाडी विकली. बाबाले सांगू नोको म्हणते. बाबानं गॅरेज बांधून ठेवलं, आता पायी कोणत्या तोंडानं येऊ म्हणते.”

 रेणूने चहा घेतला, मंगेशचा नंबर मागितला. कशाला, असं मंदाबाईंनी विचारलं नाही.

बाहेर वासुदेवराव अजून दाणेच उकरत होते. तुळशीच्या लग्नापर्यंत येईलच तो, असं जागेश्वरला सांगत होते.

संध्याकाळी जेवताना रेणूने घरी सगळं सांगितलं. जागेश्वरचं म्हणणं, आपण फरशीवाले, फरशी घासून द्यावी आणि यावं. आई रुपा म्हणाली, काकूंनी भरवशाने सांगितलंय, तर तोंड मिटून राहा. मोठ्यांच्या गोष्टीत लहानांनी बोलू नये.

रेणूने दोघांचं ऐकून घेतलं, ताट उचललं, हात धुतले आणि ओल्या हातानेच मोबाइल घेतला.

“मी मंगेशदादाले फोन लावतो,” ती म्हणाली. “नोकरीचं नाव नाही काढत, काकूचंही नाही. फक्त सांगतो, गॅरेजात धान भरलं आहे, गाडीले जागा नाही. रेल्वेनं ये, वरठीले उतर.”