भट्टीतली चीर

सप्टेंबर संपायच्या आतच मी स्तेफानियाबाईंच्या दारात उभी राहिले. घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या हिवाळ्याआधी तयार करून देणं हा माझा धंदा, आणि त्या माझ्या एकेकाळच्या सासूबाई. त्यांचा मुलगा दानिलो मला सोडून कॅल्गरीला गेला त्याला अकरा वर्षं झाली. बाईंच्या घरची भट्टी मात्र माझ्याच गळ्यात राहिली.

"मी कुठं बोलावलंय तुला?"

"तुम्ही बोलावेपर्यंत बर्फ पडेल, आई."

खरं कारण वेगळं होतं. गेल्या वर्षी भट्टीच्या आतल्या पत्र्यावर केसासारखी रेघ दिसली होती. गंज असेल, असं मनाला समजावलं. वर घरात बाई दानिलोच्या नव्या बायकोचे फोटो बाहेर काढून बसल्या होत्या, मला तिथून सटकायचं होतं. कागदावर 'ठीक' लिहिलं नि निघाले. मग हिवाळाभर जीव थाऱ्यावर नव्हता. परत जाऊन चूक कबूल करायची हिंमत होईना. ख्रिसमसला, विषारी धूर झाला की वाजणारी धोक्याची घंटा नेऊन लावली, आठवड्यातून दोनदा सकाळीच काहीतरी निमित्त काढून फोन करायचे, की बाई जिवंत आहेत ना.

तळघरात उतरले. फिल्टर बदलला, पंख्यावरची धूळ ओढून काढली, भट्टी पेटवली. चारही ज्योती निळ्या, सरळ. पंखा सुरू झाला आणि तिसरी ज्योत आडवी लवली, म्हणजे कुठून तरी पंख्याचा वारा आत शिरत होता. कॅमेरा आत सोडला. चीर आता बोटभर झाली होती.

मी गॅस बंद केला, लाल चिठ्ठी अडकवली.

"काय झालं गं?" बाई जिन्यावर होत्या.

"फुटलीय. विषारी धूर घरात येईल. पेटवायची नाही."

"गेल्या वर्षी तर ठीक होती."

हो म्हणाले असते तर विषय तिथंच संपला असता.

"नव्हती. मला दिसली होती. मी बोलले नाही."

बाई पायरीवरच बसल्या. "जानेवारीत डोकं दुखायचं माझं. घंटा तर कधी वाजली नाही. वाटलं, वय झालं." मग माझ्याकडे बघितलं. "म्हणून सकाळी फोन करून बीट किती वेळ उकडू विचारायचीस? मला वाटायचं, हिला करमत नाही एकटीला."

मी हत्यारं पेटीत भरायला लागले.

नवी भट्टी यायला दहा दिवस होते, आणि पहाटे दहिवर गोठायला लागलं होतं. "मी ओव्हरकोट घालून बसेन," त्या म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी स्वतःच उशी घेऊन माझ्याकडे आल्या. आम्हा दोघींनाही स्वस्थ बसवेना. त्या खिडक्या पुसायच्या, मी पुसलेल्या पुन्हा पुसायचे. माझी भट्टी घुरघुरली की विचारायच्या, "ही तरी बघितलीस का नीट?" मी दर वेळी खाली जाऊन बघून यायचे.

नवी भट्टी बसली त्या दिवशी बाई कोटासकट तळघरात उभ्या राहिल्या. वाकून ज्योत बघितली.

"पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी बोलावीन."

लागलं मला.

"बोलवा. पंखा सुरू झाल्यावर तो ज्योत बघतो का, तेवढं बघा."

"मला काय कळतंय त्यातलं? तू ये, आणि उभी राहा त्याच्या डोक्यावर."