चाकावरची बोटभर जागा

“वापरता येत नाही तर मागून कशाला घेता?” मुख्याध्यापक सर शाळेच्या पायरीवर उभे राहून पोरींना झापत होते. “बेचाळीस सायकली! शेठजींनी एवढ्या हौसेनं दिल्या, त्या काय पडवीत गंजवायला?”

बेचाळीस पोरी माना खाली घालून उभ्या होत्या. चाकात काड्या घालतात, दोन-दोन जणी बसतात, कुठेही आपटतात, अशी यादी सरांनी केली.

फाटकाशी छोटा हत्ती टेम्पो मागचं फळकं पाडून उभा होता. सायकली आज त्यात भरायच्या आणि जळगावला न्यायच्या. तिथल्या एका मुलींच्या शाळेनं मागणी केली होती आणि तिथे फाटकापर्यंत डांबरी रस्ता होता. नरडाण्यापलीकडच्या या गावात सायकली दिल्या त्या आषाढाच्या आधी. आता भाद्रपद लागला होता, आणि एकही पोरगी सायकल चालवत नाही असं पत्र शाळेनेच धाडलं होतं. सायकली देणारे दलिचंद शेठ काठीवर दोन्ही हात ठेवून खुर्चीवर बसले होते. प्रत्येक सायकलीच्या चेनकव्हरवर त्यांच्या गेलेल्या बायकोचं, राजकुंवरबाईंचं नाव रंगवलेलं होतं.

शेठांच्या दुकानातल्या कुंदाबाईला धुळ्याहून सोबत आणलं होतं ते हँडलं फिरवायला. हँडल आडवं केलं की सायकली चपट्या बसतात, एका खेपेत मावतात. तिने पहिल्या सायकलीला हात घातला आणि ती पुढे ढकलली. सायकल हलेना. मागचं चाक जागचं सुटत नव्हतं.

ती खाली बसली. टायर आणि मडगार्ड यांच्या मधे बोट घालून पाहिलं. बोट सोडा, नखही जाईना. मधे काळी माती बसली होती, वाळून विटेसारखी झालेली. दुसऱ्या सायकलीत तेच. तिसरीतही तेच.

चौथ्या सायकलीपाशी ती उगाच पुसायचा फडका हातात धरून बसून राहिली. कारण आता तिला कळलं होतं, आणि ते त्या आवारात दुसऱ्या कुणाला कळलेलं नव्हतं.

धुळ्याच्या देवपुरात दलिचंद शेठच्या सायकलींच्या दुकानात कुंदाबाईला सव्वीस वर्षं झाली होती. आली ती झाडूपोछ्याला. नव्या सायकलींचे पुठ्ठे सोडता सोडता तिने नट आवळायचे पाने हातात घेतले, आणि जुना फिटर गाव सोडून गेला त्या आठवड्यात तिने कुणाला न विचारता अकरा सायकली जोडून उभ्या केल्या. तेव्हापासून फिटर तीच. लोक आधी हसायचे. “बाई जोडते काय? मग रस्त्यात सुटायची!” म्हणायचे. पुढे तेच लोक आपल्या पोरांना सांगायला लागले, “थांब, कुंदाबाईलाच जोडू दे.” आणि ते सगळ्यांत जास्त म्हणायचे ते मडगार्डावरून. तिने बसवलेलं मडगार्ड टायरला असं बिलगून जायचं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं, की चाकाला काळ्या काठाची पट्टी लावल्यासारखं दिसायचं. कंपनीतून येतं ते तिला ढगळ वाटे. फ्रेम आणि मडगार्ड यांच्या मधे ती दोन वायसर, लोखंडी चकत्या, घाली आणि मडगार्ड खाली आणी. आवाज नाही, खडखड नाही. गिऱ्हाईक सायकल उभी करून दोन पावलं मागे सरून बघायचं. ती मागे सरायची वेळ कुंदाबाईला फार आवडायची.

या बेचाळीस सायकली जोडताना शेठ म्हणाले होते, “राजकुंवरच्या नावाच्या आहेत. देखण्या दिसू द्या.” तिने दोनाऐवजी तीन-तीन वायसर घातले होते.

आणि तिचं माहेर रावेरकडचं. केळीच्या बागा आणि काळी रानं. तिचा बाप पावसाळा लागला की सायकलीचं मागचं मडगार्ड काढून घराच्या आढ्याला टांगून ठेवायचा. दिवाळीला पुन्हा चढवायचा. लहानपणी तिने काडीने चाकातला गारा, तो चिकट चिखल, उकरला होता, हात भरवून घेतले होते. हे सगळं तिला ठाऊक होतं. सव्वीस वर्षं डांबरावर सायकली सोडता सोडता ते कुठे गेलं, तिचं तिलाच कळेना.

“अक्का, हाई मन्ही शे,” मागून कुणी तरी म्हणालं. “नीट काढा.”

एक नववीतली पोरगी होती, दोन वेण्या, ओढणी उजव्या खांद्यावर ओढून घेतलेली. “चारुलता,” तिने न विचारताच नाव सांगितलं.

“चाक कधीपासून अडलंय गं हे?”

“पाऊस पडना का रोजच. चाकमा गारा भराई जास, मंग चाक फिरसच नही. खांदावर लई येनी पडस.”

“खांद्यावर? कुठून?”

“वस्तीवरतून. चार किलोमीटर.”

“सरांना सांगितलं नाहीस?”

“सांगं ना! सर म्हनतस, तुम्हले चालाडता येस नही.” पोरीने ओठ दाबले. मग एकदम म्हणाली, “सायकल गई का मन्ही शाळा बी गई, अक्का. बाप म्हने, इतलं लांब एकली पायी जावानं नही.”

वाऱ्याने ओढणी सरली. गळ्याजवळ, खांद्याच्या हाडावर, हिरवट-निळा डाग होता, सायकलीच्या दांडीच्या जाडीचा. पोरीने पटकन ओढणी सारखी केली.

कुंदाबाईच्या दोन्ही पोरी कधीकाळी याच वयाच्या होत्या; आता शिकून नांदायला गेल्या होत्या. तापात त्यांच्या कपाळावर हात ठेवला की हाताला चटका बसायचा. तसाच चटका तिला आत्ता तळहातात जाणवला. त्या डागावर हात ठेवावा असं वाटलं. हात ग्रीसने माखलेला होता. तिने तो तसाच गुडघ्यावर ठेवला.

रोनक, शेठांचा नातू, आता दुकान तोच बघायचा, घड्याळ बघत जवळ आला. “मावशी, चला ना. अजून एकही हँडल फिरलं नाही?”

“रोनकभाऊ, या सायकली माझ्यामुळं अडल्यात.”

तिने दोन वाक्यांत सांगितलं. रोनक हुशार होता, त्याला पहिल्याच वाक्यात समजलं. त्याने मागे वळून शेठांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“मग आणखीच बरं झालं! जळगावला डांबरी रस्ता आहे. तिथं काही अडणार नाही. भरा गाडीत, विषय संपला. इथं बोललात तर दुकानाचं नाव जाईल मावशी. आणि तुमचंही.”

तो खोटं बोलत नव्हता. धुळ्यापासून साक्रीपर्यंत लोक तिचं नाव घेऊन सायकल जोडून मागायचे. तिच्याकडे मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. ना शिक्षण, ना शेत. नवरा पितांबर रिक्षा चालवायचा आणि मागच्या सीटवरच्या माणसाला दर खेपेला सांगायचा, “आमची बाई फिटर आहे.”

पायरीवर सर अजून बोलतच होते. “...आता तरी लाज वाटू द्या.”

कुंदाबाई उठली. गुडघे वाजले. पाना फडक्यात गुंडाळून हातात घेऊन ती थेट शेठांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

“शेठ, सायकली भरू नका.”

“का?”

“पोरींची काही चूक नाही. त्यांना चालवता येतं. मी मडगार्डं टायरला चिकटवून बसवली. इथल्या मातीला फट लागते, ती मी ठेवली नाही. देखणं करायच्या नादात तीन वायसर जास्तीचे घातले. माती अडकते, चाक जाम होतं, आणि या पोरी सायकल खांद्यावर घेऊन शाळेत येतात. चूक माझी आहे.”

सरांचा हात वरच राहिला. रोनकने कपाळाला हात लावला.

शेठ खुर्चीत पुढे सरकले. मग हळू म्हणाले, “कुंदाबाई, हे मला गाडीत सांगितलं असतं तरी चाललं असतं. चार लोकांसमोर कशाला?”

“पोरींना चार लोकांसमोर बोलणं बसलं, शेठ. मग माझंही चार लोकांसमोरच होऊ द्या.”

शेठांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “देखण्या करा म्हणून मीच म्हटलं होतं,” ते म्हणाले. “नीट होतील?”

“एक करून दाखवते. नाही चालली तर सगळ्या मीच गाडीत भरीन.”

चारुलताची सायकल तिने उलटी केली. आधी पोरींनीच काडीने माती उकरली, ढेकळं निघाली. मग नट सैल केले, तीनही वायसर बाहेर. मागचं चाक थोडं मागे ओढलं, चेन नीट ताणून बसते तितकंच. आता फट किती ठेवायची? डोळ्याने ठेवायची तर डोळा सव्वीस वर्षांच्या सवयीचा; तो आपोआप मडगार्ड खाली आणणार. आज तिचा त्याच्यावर भरवसा नव्हता.

“पलीकडच्या कपाशीत ठिबक आहे ना गं? तुटकी नळी पडली असेल बघ बांधावर. जाडी आण.”

दोघी पळाल्या आणि हातभर काळी नळी घेऊन आल्या. कुंदाबाईने ती टायरवर आडवी ठेवली, बोटापेक्षा जाड. “किती फट पाहिजे तुला?” तिने चारुलताला विचारलं.

सव्वीस वर्षांत गिऱ्हाइकाला हा प्रश्न तिने पहिल्यांदाच विचारला होता. पोरीने चाकाकडे पाहिलं, विचार केला, आणि नळीवर आणखी एक करंगळी ठेवली. “इतली.”

“बरोबर. तुझा रस्ता तुला ठाऊक.”

नळी दुमडून धरून तिच्यावर मडगार्ड टेकवलं, दोन्ही बाजूंच्या तारा सारख्या केल्या, नट आवळले, आणि मग नळी ओढून काढली. चाकाच्या पुढे, मधे, मागे, तिन्हीकडून तिने ती फिरवून पाहिली. कुठेही अडली नाही. सायकल सरळ केली. मडगार्ड टायरच्या वर उंच, वेगळं वेगळं उभं. दुकानात अशी सायकल बाहेर काढली असती तर तिलाच लाज वाटली असती.

“जा. बांधाच्या वाटेनं जा. जिथं जास्ती गारा असेल तिथून.”

चारुलता गेली. फाटकाबाहेर वाट वळते तिथे ती दिसेनाशी झाली. सगळे तिकडे बघत उभे. रोनकही. पाच मिनिटं गेली, सहा गेली. कुंदाबाईला वाटलं, आता ही पोरगी सायकल खांद्यावर घेऊन येणार.

आली ती बसून. चाकांना पायलीभर चिखल, पाठीवर मानेपर्यंत शिंतोडे, आणि मडगार्डाच्या मागच्या टोकातून गाऱ्याचे गोळे थपाथप खाली पडताहेत. अडकत नाहीत, पडताहेत. तिने ब्रेक लावला नाही, शेठांच्या खुर्चीला वळसा घालून पुन्हा फाटकाकडे गेली. पोरी ओरडायला लागल्या. शेठांच्या पांढऱ्या धोतरावर चिखलाचे चार ठिपके उडाले. त्यांनी ते पाहिले आणि झटकले नाहीत.

“रोनक,” ते म्हणाले, “गाडी रिकामी ने.”

“आणि जळगावच्यांना काय सांगू?”

“सांग, ज्यांच्या होत्या त्यांच्याकडेच आहेत.” मग कुंदाबाईकडे वळून, “आज सगळ्या होतील?”

“नाही शेठ. आज पंचवीस. उद्या एसटीनं परत येते.”

रोनक जाता जाता तिच्यापाशी थांबला. “पुढच्या शाळेच्या सायकली मी कंपनीच्या माणसांकडून जोडून घेणार आहे, मावशी. राग मानू नका.” ती म्हणाली, “नाही मानत. त्यांना फक्त विचारायला सांगा, कुठल्या रस्त्यानं जाणार म्हणून.” तो गाडीकडे वळला. शेठांना आणि त्याला घेऊन छोटा हत्ती फळकं वाजवत निघून गेला.

मग दिवसभर काम झालं. पोरींनी आपापली सायकल उलटी केली, माती काढली. एकेकीने आपापली फट सांगितली. कुणाची वाट मुरमाची, कुणाची नाल्याकाठची. कुंदाबाईने कुणाला नाही म्हटलं नाही. एकीने विचारलं, “अक्का, तुम्हले हाई कोनी शिकाडं?” ती म्हणाली, “आज तुम्हीच शिकवताय.” पोरींना वाटलं थट्टा करते आहे. त्या हसल्या.

उन्हं कलली तेव्हा सव्वीस झाल्या होत्या. ज्यांच्या राहिल्या त्या दुसरीच्या कॅरिअरवर बसल्या आणि सगळ्या निघाल्या. कुंदाबाई त्यांच्या पाठी बघत राहिली नाही. तिने कान दिला. घासल्याचा आवाज नव्हता. नुसता चिखल उडाल्याचा होता, लांब जाईपर्यंत.

हात कोपरापर्यंत भरले होते. ती शाळेच्या रांजणापाशी गेली, तर तिथे मुख्याध्यापक सर आधीच उभे होते. दिवसभर ते तिला टाळून वर्गात ये-जा करत होते. त्यांनी रांजणात तांब्या बुडवला आणि धरला, तिच्या हातांवर पाणी घालायला.

कुंदाबाईने हात पुढे केले. पाणी काळं होऊन खाली गेलं. माती काही पुरती सुटली नाही. सर दुसऱ्या तांब्यासाठी वाकले, आणि तिने हात तसेच पुढे धरून ठेवले.