समुद्राकडे पाठ

"समुद्राकडे पाठ कर, म्हणजे समोर आपोआप पूर्व. तांब्या कपाळाच्या वर धर, धार तुटू देऊ नकोस. आणि सूर्य दिसतोय का ते बघत बसू नकोस. तो असतोच."

आईने हे मला गुहागरला, मागच्या अंगणात शिकवलं. माझी उंची तेव्हा तुळशीवृंदावनाएवढी होती. माडांपलीकडे समुद्र गाजत असायचा. आम्ही दोघी त्याच्याकडे पाठ करून, डोंगराकडे तोंड करून सूर्याला अर्घ्य द्यायचो. पुढे लग्न होऊन मी कॉव्हेंट्रीला आले, आई गेली, पण रोजचं पाणी काही चुकलं नाही.

कॉव्हेंट्रीत समुद्र कुठला? पहिल्याच आठवड्यात यतीननी, म्हणजे माझ्या यजमानांनी, होकायंत्र आणून मागच्या दारात पूर्व शोधून दिली. शेजाऱ्यांच्या धुराड्याच्या जरा डावीकडे. तेव्हापासून मी त्या धुराड्याकडे बघून पाणी देते. पाऊस असला की हे ड्रेसिंग गाऊनवरच बाहेर येतात आणि माझ्या डोक्यावर छत्री धरतात. देवाधर्माचं ह्यांना फारसं नाही, पण छत्री कधी चुकवली नाही. मी मुळात हळू बोलणारी. तरी इथल्या मराठी मंडळात कुणी म्हणालं, की इंग्लंडात कसला सूर्य आणि कसलं अर्घ्य, की मी मान ताठ करून सांगते, "सूर्य नाही म्हणणारी माणसं उशिरा उठतात."

पाणी देऊन आत आलं की चंदाबाईंचा फोन येतो. त्या मूळच्या नागपूरच्या, माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. यजमान भगवानराव गेल्यापासून इथेच, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर, एकट्याच राहतात. सकाळी त्यांचं त्रिशरण-पंचशील होतं, माझं अर्घ्य होतं आणि मग आमच्या दोघींचं बोलणं होतं.

"उगवला का गं तुझा?"

"ढगात आहे, चंदाबाई."

"मग पाणी कुणाला दिलंस बाप्पा?"

"पत्ता माहीत आहे ना. पोचतं."

गेल्या ऑक्टोबरात हे रिटायर झाले. नोव्हेंबरात लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला. पांढरी घरं, निळं पाणी, संत्र्यांची झाडं. स्पेनचा किनारा, अलिकांतेच्या बाजूचा. वॉटफर्डचे ह्यांचे मित्र अजय तिथे घर घेऊन बसले होते आणि रोज उन्हात कॉफी पितानाचे फोटो पाठवत होते.

"अगं, बारा महिने ऊन. तुझ्या व्रताला याच्यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही."

"माझ्या व्रताचं इथे काय अडलंय?"

"अडलं नाही गं. पण समोर दिसेल तरी!"

"दिसला तरच पाणी द्यायचं असतं, तर मी केव्हाच सोडलं असतं."

"तू म्हणजे ना, सूर्याला सुद्धा व्हिसा देणार नाहीस."

मला हसू आलं, पण रागही आला. माझ्या व्रताची दया यावी असं त्यात काय होतं? नोव्हेंबर लागला की हे गप्प होतात, ते मला ठाऊक होतं. जेवतात, विचारलं तर उत्तर देतात, पण स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे वावरतात. डॉक्टरांनी सांगितलेला मोठा पांढरा दिवा टेबलावर लावून सकाळी त्याच्यासमोर बसतात. मी ते इथलं हवामान समजत आले होते. सगळ्यांनाच होतं, फेब्रुवारी सरला की जातं.

शेवटी इथेच वाढलेल्या आमच्या लेकीनं, श्रद्धानं, तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत तोडगा काढला. "आई, just go and see ना! नाही आवडला तर परत ये." जानेवारीत अजय भारतात जाणार होते. त्यांच्या घरी आठवडाभर राहायचं ठरलं. मी हो म्हणाले ते विषय एकदाचा मिटावा म्हणून.

निघताना चंदाबाईंना भेटायला गेले. चहा ओतता ओतता त्या म्हणाल्या, "ठरलं तर मला फोनवर सांगू नको. माझ्या दारात येऊन सांग. भगवान गेले ते मला फोनवर कळलं होतं. आता फोनवर फक्त सूर्य उगवला का, तेवढंच."

"ठरणारच नाही, चंदाबाई."

"तरी वचन दे."

मी दिलं.

आम्ही अंधार पडल्यावर पोचलो. पहाटे जाग आली तीच लाटांच्या आवाजाने, आणि अंथरुणातच मला गुहागर आठवलं. अंघोळ करून, शाल गुंडाळून, भरलेला तांब्या घेऊन मी खाली वाळूवर गेले. होकायंत्र बरोबर नव्हतं, पण इथे समुद्र होता, मग ते कशाला? समुद्रावर धुकं इतकं दाट की पाणी आणि आभाळ एकच दिसत होतं. मी समुद्राकडे पाठ केली. समोर इमारती, त्यांच्या मागे डोंगराची रेघ. अगदी आपल्यासारखं. डोळे मिटले, तांब्या वर धरला आणि सूर्याची बारा नावं घेत सावकाश धार सोडली.

डोळे उघडले तर वाळूवर माझ्यासमोर माझीच सावली पडलेली. लांबच लांब, हात वर केलेली, हातात तांब्या. आणि पाठ चांगली ऊबदार.

मी वळले. धुकं विरलं होतं आणि समुद्रातून लालभडक सूर्य वर येत होता. मी आयुष्यात समुद्रातून सूर्य उगवताना पाहिला नव्हता. आम्हा कोकणातल्या माणसांचा समुद्र म्हणजे मावळती. तिथे तो बुडतो. तिथून वर येईल, हे कुणाच्या ध्यानीमनी तरी येतं का?

किनाऱ्याच्या कठड्यावर बसून हे पोट धरून हसत होते.

"काय हो! दिसत होतं तर हाक नाही मारायची?"

"डोळे मिटलेले असताना हाक मारायची नाही, हा नियम कोणाचा?"

"निदान खोकायचं तरी!"

"खोकलो की. तुला लाट वाटली."

मीही हसू लागले. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते पुसत असताना माझ्या लक्षात आलं की हा जानेवारी आहे. जानेवारीत हा माणूस असा कधी हसला होता, ते मला आठवेना.

हसणं थांबल्यावर हे खाली बघत म्हणाले, "मीनाक्षी, तुझ्या व्रताचं मी उगाच पुढे केलं. हे मलाच हवंय. थंडी आली की आत कुणीतरी स्विच ऑफ करतं. इतकी वर्षं ऑफिस होतं, श्रद्धाची शाळा होती, म्हणून स्वतःला ओढत नेलं. आता सकाळी उठून कशासाठी ओढू, तेच कळत नाही. तू नाही म्हणालीस तर पुन्हा विषय काढणार नाही. पण तुला खरं कारण तरी कळायला हवं."

डोळ्यांसमोर आमचं मागचं दार आलं. गारठ्यातल्या त्या सगळ्या सकाळी, जेव्हा ह्यांना पांघरुणातून पाय बाहेर काढणं जड जात असणार, तेव्हाही हे छत्री घेऊन बाहेर आले होते. आणि मी मंडळात मान ताठ करून माझ्याच व्रताचं सांगत होते. असा नवरा असल्याचा अभिमान मला आधीही होता, पण तो कशाचा बाळगायचा ते त्या कठड्यापाशी कळलं.

मी पाण्यात उतरून तांब्या पुन्हा भरला.

"आता तरी बरोबर दिशेला दे," हे म्हणाले.

"तुम्ही हात लावा."

"मी? मला मंत्र येत नाही."

"मंत्र मी म्हणते. तुम्ही फक्त तांब्या धरा."

ह्यांनी धरला. धार सरळ गेली नाही, थोडी शालीवर सांडली. तांब्या पुसताना मी विचारलं, "अजयभावजींनी सांगितलेलं ते विकाऊ घर बघायला किती वाजता जायचंय?"

हे माझ्याकडे बघतच राहिले. "तू येणार?"

"मी नाही आले तर पूर्व कुठे आहे ते कोण ठरवणार? तुम्ही?"

"तुझ्यावर सोपवलं तर घराचं तोंड डोंगराकडे होईल!"

घर लहान होतं, पण उजेड स्वयंपाकघरापर्यंत येत होता. बाजारात हिरवीगार कोथिंबीर मिळाली. परतीच्या वाटेवर पिशवी हातात घेऊन हे शीळ घालत माझ्या पुढे चालत होते, आणि मी मुद्दामच मागे राहून ऐकत होते. श्रद्धाला फोनवर सगळं सांगितलं तर ती किंचाळलीच. "आई, तू सूर्याला तुझा पाठ दाखवला? मी हे सगळ्यांना सांगणार!"

"सांग, खुशाल सांग," मी म्हटलं. "एवढ्या वर्षांत आई एकदा चुकली म्हणावं. आणि आम्ही इथे राहायला येतोय, तेही सांग. फक्त चंदाबाईंना सांगू नकोस."

कॉव्हेंट्रीला परतलो तेव्हा बारीक बर्फ आणि पाऊस एकत्र पडत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी फोन वाजला.

"आलीस? उगवला का गं तुझा?"

"ढगात आहे, चंदाबाई." मग मी विचारलं, "दुपारी घरी आहात ना?"

पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आहे की. कुठं जाणार बाप्पा मी? ये. भाकरी टाकते."

मी तिथून आणलेली संत्री एका पिशवीत भरली. हे गाडीची किल्ली घेऊन आले आणि म्हणाले, "सोडतो. रस्ता निसरडा आहे."

"नको. हे माझं मला चालत जाऊनच सांगायचंय."

ह्यांनी किल्ली परत खुंटीला लावली. मी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली, दार हळूच ओढून घेतलं आणि चंदाबाईंच्या गल्लीच्या दिशेने चालायला लागले.