निवलेली भट्टी

बेकरीवाल्याला गल्लीने दोन नावे दिली होती, आणि दोन्ही त्याने स्वकष्टाने कमावली होती. तरुणपणी तो 'भट्टी' होता. मैद्यात एखादा खडा सापडला, तर गिरणीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केल्याखेरीज त्याचा हात पिठाला लागत नसे. पुढे त्याच्या जिवाला देवाची ओढ लागली. आपला राग हाच आपल्या आणि देवाच्या मधली भिंत आहे, असे त्याच्या मनाने घेतले, आणि ही भिंत तो एकेक वीट काढून पाडू लागला. जीभ चावली, मुठी खिशात घातल्या, अपमान गिळले. शेवटी शेवटी कोणी तोंडावर शिवी हासडली तरी तो "देव तुमचं भलं करो" एवढेच म्हणे. तेव्हा गल्लीने त्याचे दुसरे बारसे केले आणि नाव ठेवले 'बर्फ'. हे नाव तो बिरुदासारखे मिरवी. फक्त ते मिरवणे आहे हे त्याला कळत नसे.

त्याच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, एक जुनी रीत होती. महिन्यातून एकदा, रविवारी, प्रभुभोजन होई, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ सगळे एकाच पावाचा तुकडा खात. त्यासाठीचा मोठा गोल पाव, ज्याला मंडळीत सगळे आदराने भाकर म्हणत, तो याच बेकरीत भाजला जाई. आदल्या दुपारी मंडळीचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, स्वतः दुकानाच्या दारात येत आणि विचारत, "तुमच्या मनात कोणाविषयी काही आहे?" बेकरीवाल्याने "काही नाही" म्हटले तरच त्याने कणकेला हात घालायचा. मनात काही असेल, तर त्या महिन्यात त्याने बाजूला व्हायचे आणि भाकर दुसरीकडून आणवायची. त्याचे वडील हेच काम करीत. आणि "आहे, शेजाऱ्याविषयी आहे, आणि चांगलं दणदणीत आहे," असे सांगून ते कित्येकदा खुशाल बाजूला झाले होते. मुलावर मात्र तशी पाळी एकदाही आली नव्हती. वडिलांच्याही पुढे आपण गेलो, असे त्याला वाटे.

त्या शनिवारी दुपारी तो पीठ चाळीत होता. बायको पुढे दुकानात गिऱ्हाईक पाहत होती. मागचे दार ढकलून मुलगी आत आली. लग्न होऊन ती त्याच गावात, दोन रस्ते पलीकडे राहत असे. पण मागच्या दाराने ती आजवर कधी आली नव्हती.

"ये पोरी. चहा घेतेस?"

"चहा नको. बाबा, मी आज इथं राहू?"

तिने बाही वर सरकवली. त्याने पाहिले. भाजल्याच्या डागांचा तो जाणकार होता. भट्टीच्या कडेचा चटका हातावर कसा आडवा उठतो, हे त्याच्या दोन्ही हातांवर लिहिलेले होते. हे डाग भट्टीचे नव्हते. चार बोटे एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला, असा पुरा पंजा तिच्या दंडावर काळानिळा उमटला होता.

"पहिल्यांदा नाही हे," ती म्हणाली. "पण आज संध्याकाळी ते मला न्यायला इथं येतील. तेव्हा तुम्ही दारात उभे राहा आणि 'नाही पाठवत' म्हणा. एवढंच. बाकीचं मी बघते."

जावई मंडळीतला लाडका माणूस होता. गाणे गोड, बोलणे मधाळ. प्रभुभोजनाचे ताट रांगेरांगेतून फिरवण्याचा मान त्याच्याकडे होता. बेकरीवाल्याने चाळणी खाली ठेवली. हातांचे पीठ झटकले. मग जे बोलला ते तो अत्यंत मृदू स्वरात, नीट विचार करून बोलला.

"आज नको, पोरी. तो इथं आला की शब्दाला शब्द लागेल. शब्द लागला की माझ्या मनात काहीतरी राहील. आणि पाळकसाहेब आता येतीलच. मन गढूळ करून मला ही भाकर मळता यायची नाही, तुला माहीत आहे. उद्याचा रविवार उलटू दे. सोमवारी मी स्वतः त्याच्याशी शांतपणे बोलेन."

"म्हणजे तुमचं मन स्वच्छ राहावं म्हणून मी परत जाऊ?"

"तसं नाही गं. एक दिवसाचा तर प्रश्न आहे. सहन करण्यात मोठी ताकद असते. मी बघ ना—"

"तुमच्यावर कोणी हात उगारला होता, बाबा?"

तेवढ्यात बायको पडद्याआडून आत आली. तिने सारे ऐकले होते. "अहो, राहू द्या की तिला! भाकर काय, दुसरा बेकरीवाला करेल. तुमच्या सहनशीलतेचं दुकान लेकीच्या पाठीवर कशाला मांडता?"

"तू मध्ये पडू नकोस," तो म्हणाला. तेही हसऱ्या चेहऱ्याने.

मुलीने बाही खाली ओढली. "मी लहान असताना त्या कोपऱ्यावरच्या माणसानं माझी वेणी ओढली होती. आठवतं? तुम्ही पाव काढायचं फावडं घेऊन अनवाणी रस्त्यावर धावलात. भर बाजारात. मी लाजेनं मेले होते तेव्हा. मैत्रिणी आठवडाभर चिडवत होत्या." ती जरा थांबली. "आज त्याच फावडंवाल्या बाबांकडे आले होते मी. मला बर्फ नको होता, बाबा. भट्टी हवी होती."

पुढच्या दारावर पाळकांची टकटक ऐकू आली. मुलगी मागच्या दाराने निघाली. बायको "थांब गं, थांब" करीत अंगणापर्यंत गेली आणि रिकाम्या हाताने परतली. "जाऊ दे मला, आई," एवढेच ती म्हणाली होती.

"तुमच्या मनात कोणाविषयी काही आहे?" पाळकांनी विचारले.

त्याने सवयीप्रमाणे मनात डोकावून पाहिले. जावयाविषयी तिथे राग नव्हता, मुलीविषयी काळजीही फारशी नव्हती. उद्या पाव नीट फुगेल ना, एवढा एक विचार होता. खोटे बोलण्याची गरजच पडली नाही.

"काही नाही," तो म्हणाला.

बायकोने पडदा इतक्या जोरात ओढला की कड्या खळखळल्या.

रविवारी भाकर अशी उतरली होती की पाहणाऱ्याची दृष्ट लागावी. वरचा पापुद्रा सोनेरी, आतला गर मऊ. बेकरीवाला नेहमीच्या बाकावर बसला. शेजारी बायको होती, पण मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा तिने सोडली होती. मुलीची जागा रिकामी होती. जावई ताट घेऊन रांगेरांगेने येऊ लागला. पांढराशुभ्र सदरा, खाली झुकलेली नजर. त्यांच्यासमोर येऊन तो वाकला.

"ती कुठं आहे?" बायकोने दबक्या आवाजात विचारले.

"पायरीवरून घसरली काल रात्री. मनगटाला लागलंय जरासं. घरीच निजलीय. प्रार्थना आटोपली की नेतो दवाखान्यात." मग सासऱ्याकडे वळून, आणखी हळू, "भाकर काय सुरेख झालीय आज, बाबा."

बेकरीवाल्याचा हात ताटाकडे गेलेला होता. तो तसाच अधांतरी राहिला. प्रार्थना आटोपली की नेतो. रविवार उलटू दे. ताटाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, अशी दोन माणसे एकच वाक्य बोलली होती, आणि त्या दोघांच्या मध्ये त्याच्या मुलीचे मनगट मोडले होते. ताट धरणाऱ्या त्या पंजाकडे त्याने पाहिले. चार बोटे या बाजूला, अंगठा त्या बाजूला.

वर्षानुवर्षे विझवत आणलेले काहीतरी त्याच्या आत भडकन पेटले. त्याने हात मागे घेतला. आख्ख्या रांगेच्या देखत तो उठला, जावयाला खांद्याने बाजूला सारले आणि गाणे चालू असतानाच बाहेर पडला. मागून बायकोच्या चपला फटफट वाजत येत होत्या.

मुलगी खरोखरच निजलेली होती. मनगट एका जुन्या टॉवेलात गुंडाळलेले होते आणि सुजून उशीएवढे झाले होते. बापाला दारात पाहून तिच्या चेहऱ्यावर काहीही उमटले नाही.

"भाकर चांगली झाली?" तिने विचारले.

तो चौकटीला धरून उभा राहिला. ज्या रागाला तो आयुष्यभर पाप म्हणत आला, तो आता अंगात मावत नव्हता. पण ज्या दारात तो घेऊन उभे राहायचे होते, ते दार कालचे होते.

दवाखान्यात हाडाला प्लास्टर घातले गेले. बाहेर आल्यावर त्याने म्हटले, "घरी चल." तिने आईकडे पाहिले. "मी मावशीकडे जाते. तुमच्या घरी नको, बाबा. तिथं पुन्हा कधीतरी शनिवार यायचाच."

महिना सरला. जावई चार वडीलधाऱ्यांसमोर ढसाढसा रडला, मंडळीने त्याला समज दिली आणि ताट काढून घेतले, तेही थोड्या दिवसांपुरते. शनिवारी दुपारी पाळक दारात आले.

"तुमच्या मनात कोणाविषयी काही आहे?"

"आहे," बेकरीवाला म्हणाला.

पाळकांना हे उत्तर त्याच्या तोंडून ऐकायची सवय नव्हती. "हे बघा, त्यानं पश्चात्ताप केलाय. तुमच्यासारख्यानं तरी मोठं मन करायला हवं. सगळे तुमच्याकडे बघून शिकतात."

"त्याच्याविषयी आहे ते मी आज ना उद्या देवासमोर ठेवीन, साहेब. पण मागच्या महिन्यात तुम्ही विचारलंत तेव्हा मी 'काही नाही' म्हणालो, आणि ते खरं होतं. खरोखरच काही नव्हतं. माझी मुलगी मागच्या दारानं निघून गेली होती, आणि माझ्या मनात काही नव्हतं. त्या रिकाम्या मनाला मी देवाचं घर समजत होतो. भाकर दुसरीकडून आणवा."

"किती महिने?"

"माहीत नाही."

पाळक गेले. त्याने दुकानाच्या रोजच्या पावांची कणीक पुढे ओढली आणि मळायला घेतली. रागाच्या भरात तो गरजेपेक्षा जास्त मळत होता. कणीक चिवट होत चालली होती. तो प्रार्थना करू लागला. इतकी वर्षे त्याची प्रार्थना इस्त्रीच्या कपड्यासारखी असे. आज ती चुरगळलेली आली. हा राग काढून घे, असे तो म्हणाला नाही. एवढेच म्हणाला, की याचे काय करायचे ते मला कोणी शिकवले नाही, मी फक्त तो पुरायला शिकलो, आणि त्याच्यासोबत पोरीलाही पुरून बसलो. उत्तर आले नाही. पण आजवर आपण आपल्याच शांततेशी बोलत होतो आणि आज पहिल्यांदाच दुसरे कोणी ऐकत आहे, असे त्याला वाटले. आणि त्या वाटण्यात दिलासा मुळीच नव्हता.

संध्याकाळी बायको पिशवी घेऊन मावशीकडे निघाली. त्याने गरम पाव कागदात गुंडाळून पुढे केला.

"मागच्या वेळचा तिनं मावशीच्या शेजारणीला देऊन टाकला," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग?"

"तू ने," तो म्हणाला. "देऊ दे शेजारणीला."