वाकडा बूट

निवडणूक हरल्यावर युनियनच्या सेक्रेटरीने करावं तरी काय? बुटांच्या कारखान्यातल्या पोरांनी नवा माणूस निवडला; जुन्यावर राग कुणाचाच नव्हता. मॅनेजरने त्याच्यासाठी गोदामात पंख्याखाली खुर्चीही काढून ठेवली होती. ह्याने ती नाकारली. "मी हाताने बूट घडवणारा माणूस. माझी जागा बाकावर," असं म्हणाला, आणि म्हणताना आवाज सभेचाच लागला. वीसेक वर्षं भाषणं ठोकलेल्या माणसाचा आवाज एकदम खाली कसा यायचा?

तर सेक्रेटरी बाकावर परत आला. समोर त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला कामाला लावलं ते ह्यानेच, पकड धरायला शिकवलं तेही ह्यानेच. काम जुनंच होतं. पायाच्या आकाराच्या लाकडी फर्म्यावर चामडं पकडीने ओढायचं, तळाशी दुमडायचं आणि बारीक खिळ्यांनी ठोकायचं. खिळे मूठभर तोंडात धरायचे आणि जिभेने एकेक पुढे काढायचा. त्यामुळे बाकावर बोलणं नसतंच. पहिल्या दिवशी सेक्रेटरीला कळेना, ही मंडळी खिळे धरून बसलीत की मूग गिळून.

जेवणाच्या सुट्टीत कळलं. सगळ्यांनी खिळे काढून ठेवले, तरी कुणी बोलेना. त्याला जागा दिली, तीही फडक्याने पुसून. शिलाईवाल्याने आपल्या डब्यातलं आधी त्याला वाढलं. जो तो सावरून बसला. कुणीतरी म्हणालं, "यंदा उकाडा फार आहे." सगळे म्हणाले, "आहे खरा." सेक्रेटरी हात धुवायला उठला, तर मागे एकदम हशा पिकला. ते त्याला हसत नव्हते. हसले असते तर त्याला बरंच वाटलं असतं. तो बसला होता तोवर अडवून धरलेलं हसू होतं ते.

घरीही तीच गत. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. ती असताना फोन इतका वाजायचा की तिच्याशी धड दोन शब्द बोलणं व्हायचं नाही. आता बोलायला वेळच वेळ होता, तर ती नव्हती आणि फोनही मुका झाला होता. एकदा त्याने मोकळ्या खोलीत "बंधूंनो" म्हणून पाहिलं. भिंतींना कशाला हवी पगारवाढ? त्याला फार एकटं वाटलं, आणि तो दिवा न लावताच झोपला.

त्याला आता एकच हवं होतं, बाकावरच्या चौघांतला एक व्हायचं. आणि आपण त्यांच्यातले झालो की नाही, हे ओळखायची बाकावर एक रीतच होती. ज्याचा बूट वाकडा बसला, त्याच्या मांडीवर शेजाऱ्याने तो फेकायचा आणि वर सणसणीत शिवी हासडायची. त्यातून म्हातारा सुटत नसे की मुकादमाचा भाचा. तरुणपणी सेक्रेटरीच्या मांडीवरही रोज दोन-चार पडायचेच.

इतकी वर्षं त्याचे हात नुसते हवेत उगारले गेले होते. तरी आठवडा गेला आणि एकही बूट अंगावर आला नाही. आधी तो खूश झाला, हात अजून शाबूत आहे म्हणून. मग मनात पाल चुकचुकली. एके सकाळी त्याने मुद्दाम एक बूट बिघडवला. टाचेची शिवण अंगठाभर एका बाजूला, आंधळ्यालाही समजेल अशी. बूट फळीवर ठेवला आणि मांडी मोकळी ठेवून तो वाट पाहत बसला.

मेहुण्याने बूट उचलला. फिरवून पाहिला. आणि बाकाखाली सरकवला.

सुट्टीत सेक्रेटरी जेवण टाकून परत आला. मेहुणा एकटाच होता. डबा न उघडता, त्या बुटाचे खिळे उपटून चामडं नव्याने ओढत होता. शेजारी सकाळचे बाकीचे बूट मांडलेले, सगळे सेक्रेटरीचेच.

"रोज करतोस हे?"

मेहुण्याने तोंडातले खिळे हातावर काढले. "रोज मी नाही. पाळी लावलीय सगळ्यांनी. आज माझी."

"कधीपासून?"

"तुम्ही आलात तेव्हापासून."

"अरे, मग फेकायचास ना माझ्या अंगावर. चार शिव्या घालायच्यास."

मेहुणा खरोखरच गोंधळला. बूट त्याने दोन्ही हातांनी अलगद खाली ठेवला.

"असं कसं? तुमच्या अंगावर कसा फेकणार, साहेब?"

बहिणीच्या लग्नापासून हा माणूस त्याला दाजी म्हणत आला होता. आपण आज काय म्हणालो, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. त्याने खिळे परत तोंडात टाकले आणि पुढचा बूट हातात घेतला.