पद्मेतलं बेट

रिठद गावच्या रामकिसन आणि सोजरबाईचा एकुलता मुलगा ऋषिकेश बंगालात पद्मा नदीवर पहाऱ्याला होता. तिथं नदी हीच देशाची हद्द. अलीकडे आपण, पलीकडे बांगलादेश. सुट्टीवर आला की तो बायकोला, साधनाला, तिथलं सांगायचा.

"पान्यात कुठचं कुंपन वं? अन् नदी एका जागी राह्यतच नाही. औंदाचा काठ पुढच्या साली पान्यात. मधातच रेतीचं बेट वर येते. लोक त्याच्यावर झोपड्या बांधतेत, पेरतेत, अन् पुरात बेटच निंघून जाते."

"मंग हद्द कुठं राह्यते?"

"नकाशात," तो हसायचा.

भादव्यात वादळानं त्याची नाव उलटली. दोघं जवान पोहून निघाले, ऋषिकेश नाही. काही दिवसांनी निरोप आला. पलीकडच्या हद्दीतल्या एका बेटावर वर्दीतलं प्रेत लागलं होतं. ठेवण्यासारखं राहिलं नव्हतं, म्हणून तिथल्या मच्छीमारांनी फोटो काढून ते रेतीत पुरलं होतं.

रामकिसन आणि साधना बंगालात गेले. सोजरबाईचे गुडघे चालू देत नव्हते, ती घरीच राहिली.

काठावर येऊन रामकिसननं डोळ्यांवर हात धरला. पलीकडचा काठ दिसतच नव्हता. अधिकाऱ्यानं फोटो पुढे धरला तेव्हा साधनानं तोंड फिरवलं. रामकिसननं पाहिला. हनुवटीखालचा बैलाच्या शिंगाचा वण त्यानं ओळखला आणि फोटो आपल्या मोबाइलवर मागून घेतला.

"पोरगं द्या साहेब आमचं. अग्नी द्याचा हाय."

दोन्ही देशांची परवानगी लागेल, अधिकारी म्हणाला. ते छावणीत थांबले. पाणी चढत होतं. काठाची माती ढासळायची आणि धप्प आवाज व्हायचा; प्रत्येक आवाजाला रामकिसन उठून बसायचा. अखेर दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची बैठक झाली, परवानगी मिळाली, बोट गेली आणि रिकामीच परतली. बेट उरलं नव्हतं. झोपड्या, पेरलेलं रान, पुरलेली जागा, सगळं नदीनं नेलं होतं.

"आता तो कोन्या देशात हाय, साहेब?" रामकिसननं विचारलं.



रिठदला परतल्यावर भटजी म्हणाले, दर्भाचा पुतळा करून अग्नी द्या. सोजरबाई उंबऱ्यात आडवी झाली.

"पुतळा जाळू नका! माहं लेकरू कुठंतरी काठाले लागलं असन. साधना, तू पाह्यलं का वं त्याले?"

"नाही, आत्याबाई. मामाजीनं पाह्यला फोटो," साधना सासूला म्हणाली.

"त्यायले अंधुक दिसते."

तिनं तेवढंच धरून ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगायची. कुणाचाही फोन वाजला की भिंत धरत बाहेर यायची. अग्नी राहिला तो राहिलाच. रामकिसननं घरात बोलणं सोडलं, दिवसभर वावरात बसू लागला.

एका दुपारी साधना वावरात गेली.

"मामाजी, तो फोटो द्या."

"कायले, माय? नको पाहू."

तिनं हात पुढेच ठेवला. त्यानं मोबाइल दिला. तुरीच्या ओळीत उभं राहून तिनं फोटो पाहिला. चेहरा त्याचा वाटत नव्हता; तिनं हनुवटीखालचा वण शोधला. रामकिसननं पाणी दिलं.

घरी आली तेव्हा सोजरबाई डाळ पाखडत होती. साधना तिच्या पुढ्यात बसली.

"आत्याबाई, मी पाह्यलं. तोच हाय."

सूप थांबलं. सोजरबाई म्हणाली, "लय तरास झाला असन का वं त्याले?"

"नाही. झोपल्यावानी दिसते."

सोजरबाईनं तिच्या मांडीवर डोकं टाकलं आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

दुसऱ्या दिवशी रामकिसननं पुतळ्याला अग्नी दिला. सोजरबाई सावरली, हळूहळू जेवू लागली. साधना मात्र डोळे मिटून ऋषिकेशला आठवायला जायची, हसणारा, सुट्टीवर आलेला. आणि दर वेळी फोटोतलाच तो चेहरा पुढे यायचा.